पिल्लाच्या अंगावर गांधी उठल्या तर

आमच्या मळ्यावर बुलडॉगचं पिल्लू आहे. धाकट्या दिरांनी शहरातून आणलेलं. गेल्या सुगीत त्याच्या ओठाला मधमाशी डसली. थोड्याच वेळात तोंड सुजलं, पाठीवर गांधी उठल्या, केस पुंजक्यापुंजक्यांनी उभे राहिले.

सासूबाईंनी नखाने काटा खरवडून काढला, गार पाण्याची पट्टी ठेवली. मी मात्र त्याच्या श्वासाकडे बघत बसले. का, ते ऐका. गांधी बहुधा दिवसभरात जिरतात. पण या जातीचं नाक मुळातच चपटं, श्वासाची वाट अरुंद. त्यात घसा सुजला तर जिवावर बेततं. पिल्लाला घरघर लागताच दिरांनी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. वेळेवर इंजेक्शन मिळालं, म्हणून वाचलं.

तुम्हीही ध्यानात ठेवा. घरघर, वरचेवर उलट्या, पांढुरक्या हिरड्या दिसल्या, किंवा पिल्लू गळाठलं, तर थांबू नका. आपल्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या त्याला देऊ नका. त्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात. काय चावलं, काय खाल्लं, जवळपास कसली फवारणी झाली, ते डॉक्टरांना सांगा. आणि एकदा असं झालेल्या पिल्लाला पुढचा डंख जास्त बाधू शकतो. त्याला मोहोळाच्या बाजूला बांधू नका.