भिंतीचा गिलावा, दाराचे तेल

धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर भागातील जुन्या घरांच्या भिंती जाड, दगड-मातीच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात त्या मोठ्या प्रमाणावर कोसळल्या. नव्या घरांत शेणामातीच्या सारवणाची जागा सिमेंटच्या गिलाव्याने घेतली. हा गिलावा किमान सात दिवस ओला ठेवावा लागतो. धाराशिवच्या पाणीटंचाईत नेमकी इथेच काटकसर होते आणि ती महागात पडते, कारण अर्धवट मुरलेला गिलावा भुरभुरतो, तडकतो. रंग भिंत पूर्ण वाळल्यावरच द्यावा. सागवानी दार लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासून उकळलेल्या जवस तेलाचे पातळ हात द्यावेत. वरच्या-खालच्या कडा विसरू नयेत, ओल तिथूनच शिरते. तेलाची चिंधी उघड्यावर पसरून वाळवावी. चोळामोळा करून टाकल्यास ती आपोआप पेटू शकते.