सरमेचा प्रश्न

आम्हांला वाचनाचें व्यसन आहे, कुत्र्यांचें नाहीं, हें प्रारंभींच सांगून टाकलेलें बरें. कुत्रीं पाळणाऱ्या मंडळींच्या गप्पांत आम्ही नेहमीं मुके असतों. तथापि गेलीं दोन वर्षें एक तांबूस गांवठी कुत्रें सायंकाळीं आमच्या पायरीशीं येऊन बसत असे. आम्ही खुर्चींत वाचीत असूं. तें पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडलेलें असे. पान उलटल्याचा आवाज झाला कीं त्याचा एक कान हले. आमच्या वर्गांत इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा विद्यार्थी अलीकडे आम्हांला लाभलेला नाहीं. घरांतून त्याला कधीं शिळी पोळी मिळत असेल. आम्हीं स्वतः कांहींच दिलें नाहीं, नांव सुद्धां नाहीं.

दत्ताच्या तसबिरींतील चार कुत्रीं म्हणजे चार वेद, असें आमची आजी सांगे. आणि गल्लींतलें कुत्रें शिवलें तर तीच आजी स्नान करी. आम्ही तिला हंसत असूं.

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं सोसायटीचे चिटणीस अर्ज घेऊन दारीं आले. शब्दन् शब्द वाचा, म्हणून विद्यार्थ्यांच्या कानीकपाळीं तीस वर्षें ओरडत आलेल्या आम्हीं तो न वाचतां सही ठोकली. हातांतली कादंबरी ऐन रंगांत आली होती, एवढेंच कारण. हें कुत्रें मुलांच्या अंगावर जातें, सबब त्याचा बंदोबस्त व्हावा, अशी त्यांत मागणी होती, हें मागाहून कळलें. तें कोणाच्या अंगावर गेलेलें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. आणि त्याला आमच्याइतकें जवळून पाहणारा त्या सह्या करणारांत दुसरा कोणी नव्हता. गाडी आली तेव्हां आम्ही कॉलेजांत होतों. जाळें पाहून इतर कुत्रीं पळालीं. हें आमच्या पायरीशीं येऊन उभें राहिलें, म्हणून सांपडलें, असें रखवालदार म्हणाला.

त्याच दिवसांत एका व्याख्यानासाठीं आम्हीं आदिपर्व काढलें होतें. येथल्याच भांडारकर संस्थेनें १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें व १९६६ साली तें पुरें केलें. त्यांतील आदिपर्व सुखटणकरांनीं संपादिलेलें. त्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभींच जनमेजयाचें सत्र चाललें आहे. तेथें आलेल्या एका पिलाला राजाचे तिघे भाऊ मारतात. पिलूं रडत आईकडे जातें. तूंच कांहीं आगळीक केली असशील, असें आई आधीं त्यालाच म्हणते. हवनद्रव्याला तोंड लावणें दूरच, त्याकडे पाहिलें सुद्धां नाहीं, असें तें सांगतें. मग ती सरमा यज्ञमंडपांत जाऊन विचारते, माझ्या निरपराध मुलाला कां मारलें? त्यावर कोणीहि कांहीं बोलत नाहीं. तेव्हां ती अदृष्ट भयाचा शाप देऊन निघून जाते.

कुत्र्यासाठीं स्वर्ग नाकारणाऱ्या युधिष्ठिरावर आमचीं दोन व्याख्यानें झालीं आहेत, आणि तीं बरीं वठलीं होतीं. जनमेजय हा त्याच्याच भावाचा, अर्जुनाचा, पणतू. म्हणजे कालक्रमानें पाहतां स्वर्गाच्या दारांतली ती गोष्ट आधीं घडली, आणि पिलाला मारणें मागाहून, त्याच घराण्यांत! ग्रंथांत मात्र पिलूं आरंभीं येतें. एवढा उलटा क्रम आम्हांला दोन्ही व्याख्यानांच्या वेळीं दिसला नव्हता.

रस्त्यावरचें कुत्रें शस्त्रक्रिया करून पुन्हां मूळ जागीं सोडावें, असा २०२३ च्या नियमांचा दंडक आहे. त्याप्रमाणें कांहीं दिवसांनीं तें परत आलें. खूण म्हणून कानाचें टोंक छाटलेलें होतें; पान उलटतांना हलणारा कान तोच. हल्लीं तें समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीखालीं बसतें. आम्ही नेहमींच्या खुर्चींत बसून पानें जरा मोठ्यानें उलटून पाहतों. अजून तरी त्यानें इकडे मान वळविलेली नाहीं.