किती मदत लागली?

टीईटीची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, 'समीपस्थ विकास क्षेत्र' ही संकल्पना कोणाची? उत्तर येईल, व्हायगॉट्स्कीची. चार पर्याय, एक बरोबर, एक गुण. जळगाव-धुळ्याकडच्या भावी शिक्षकांना इंग्रजीचं अध्यापनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि या प्रश्नाची मला दर वेळी गंमत वाटते. मूल एकटं बसून काय लिहितं एवढ्यावरून त्याची कुवत ठरवू नका, असं ज्यानं सांगितलं, त्याचं नाव आपण परीक्षार्थीला एकटं बसवून, गोल काळे करायला लावून विचारतो.

मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की १९३४ मध्ये क्षयानं गेला, तेव्हा तो जेमतेम सदतिसाचा होता. या क्षेत्राचं त्याचं उदाहरण साधं आहे. दहा वर्षांची दोन मुलं घ्या. एकेकटी सोडवायला बसवली तर दोघांचीही मजल आठ वर्षांच्या मुलाएवढीच. मग मोठ्या माणसानं शेजारी बसून थोडं सुचवलं, सुरुवात करून दिली, की एक मूल बारा वर्षांच्या मुलाची कोडी सोडवतं, दुसरं नऊच्या पुढे सरकत नाही. ही दोन मुलं सारखी कशी? पण गुणपत्रकात ती सारखीच दिसतात.

पुढे इस्रायलमध्ये रूव्हेन फॉयरस्टाइन या रुमानियात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञानं हेच प्रत्यक्ष करून पाहिलं. युद्धातून वाचलेली आणि उत्तर आफ्रिकेतून आलेली मुलं बुद्धिमापन चाचण्यांत सपाटून मार खात होती आणि मंदबुद्धीच्या रकान्यात जात होती. फॉयरस्टाइन चाचणी चालू असतानाच मुलाशी बोलू लागला, त्याला वाट दाखवू लागला आणि मग मूल किती बदलतं ते पाहू लागला. परीक्षकानं तोंड मिटून बसायचं हा नियमच त्यानं मोडला. या पद्धतीला आता डायनॅमिक असेसमेंट म्हणतात, मराठीत गतिशील मूल्यमापन. नाव जड आहे, काम तसं नाही.

परकी भाषा शिकवणाऱ्यांकडे ही गोष्ट बरीच उशिरा आली. १९९४ मध्ये अलजाफ्रे आणि लँटॉल्फ यांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या तिघांच्या निबंधांवर काम केलं. चूक दिसली की ती थेट दुरुस्त करायची नाही. आधी 'पुन्हा वाच' म्हणायचं, मग ओळ दाखवायची, मग शब्द, मग चुकीचा प्रकार, आणि काहीच चाललं नाही तर शेवटी उत्तर. शून्यापासून बारापर्यंत मदतीची मोजपट्टी. त्यांचं म्हणणं असं की तीच चूक पुन्हा झाली म्हणून प्रगती झाली नाही असं समजू नका. गेल्या आठवड्यात दहाव्या पायरीवर सुधारलेली चूक या आठवड्यात तिसऱ्या पायरीवर सुधारली, तर मूल पुढे गेलेलं आहे. लाल शाईला हे दिसत नाही.

आता शिंदखेडा तालुक्यातल्या एका शाळेत या. सातवीचा वर्ग. घरातल्या माणसांच्या दिनक्रमावर पाच वाक्यं लिहायची होती. एका मुलीच्या वहीत होतं: 'माय फादर गो टू फार्म. माय मदर कुक फूड. आय गोज टू स्कूल.' शेजारच्या मुलाच्या वहीतही फादर आणि मदरच्या ओळींत याच चुका. त्या दोन ओळींना दोघांना सारखेच गुण मिळाले असते. मुलाला मी फक्त म्हटलं, पुन्हा वाच बरं. त्यानं ओठ हलवत वाचलं, थांबला, 'गो'पुढे 'ईएस' जोडलं, 'कुक'ला 'एस' लावला, वर माझ्याकडे पाहून हसला. त्याला नियम येत होता, हात घाईत होता.

मुलीनं तीनदा वाचलं, काही हललं नाही. 'या ओळीत काहीतरी राहिलंय' म्हटल्यावर तिनं 'फार्म'च्या आधी 'द' घातला. वाईट नाही, पण मला हवं होतं ते नव्हे. मग मी 'फादर गो' या दोन शब्दांखाली बोट ठेवलं आणि विचारलं, बाबा एक की अनेक? ती म्हणाली, एक. मग मराठीत सांग, बाबा शेतात काय करतात? 'बाबा शेतात जातात.' आणि तिथेच गाडी रुतली. प्रमाण मराठीत वडिलांना आदरार्थी बहुवचन लागतं. बाबा एकटेच, क्रियापद मात्र अनेकांचं. इंग्रजीत अनेकांसाठी 'गो', म्हणून फादरही 'गो'. तिच्या डोक्यात असंच झालं असेल, हा माझा तर्क आहे. पण मराठीतून दिलेली ही सूचना तिला उलट्या दिशेला नेत होती, एवढं नक्की.

वर्गशिक्षक त्याच भागातले. ते पुढे वाकले आणि अहिराणीत म्हणाले, "बेटा, आपली बोलीमां सांग. तुना बाप सकायमां कोठे जास?"

"वावरमां जास."

"आनि त्या बठ्ठा?"

"वावरमां जातस."

जास, जातस. एकाला एक, अनेकांना दुसरं, बापाला आदरार्थी काही नाही. मुलीनं 'गो' खोडून 'गोज' केलं आणि पुढच्या ओळीतलं 'कुक' कुणी न सांगता 'कुक्स' केलं. ज्या बोलीत बोललं म्हणून एके काळी याच भागातल्या शाळांत छड्या बसत, ती इथे प्रमाण मराठीपेक्षा इंग्रजीच्या जवळची निघाली. ग्रिअर्सननं १९०७ च्या आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या खंडात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं, त्यावर अभ्यासकांचे वाद झाले आणि होतील. आमच्या कामाला त्या वादाची गरज नाही. मुलाच्या तोंडी असलेली भाषा मदतीची एक पायरी म्हणून वापरता येते, एवढं पुरे.

पण थांबा, 'आय गोज' तसंच राहिलं होतं. कारण अहिराणीत मी जास, तू जास, तो जास. एकवचनात तिघांनाही तोच 'स'. ज्या किल्लीनं एक कुलूप उघडलं, तिनंच दुसरं घट्ट बसलं. इथे मात्र कोडी घालत बसण्यात अर्थ नव्हता. इंग्रजीत 'आय' आणि 'यू' अनेकांच्या पंगतीत जेवतात, असं सरळ सांगावं लागलं. वहीच्या समासात त्या तीन वाक्यांपुढे तीन आकडे पडले: ४, ०, ५. पहिल्या वाक्याला चौथ्या पायरीची मदत, दुसऱ्याला काहीच नाही, तिसऱ्याला थेट उत्तर. शेजारच्या मुलाच्या समासात एक आणि एक.

आम्ही वापरतो त्या पायऱ्या पाचच आहेत. बाराची मोजपट्टी संशोधकाला परवडते. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला पाचसुद्धा लक्षात ठेवायच्या म्हणजे पुष्कळ झालं. पुन्हा वाच, या ओळीत पाहा, या शब्दाकडे पाहा, बोलीतून किंवा मराठीतून आधार, उत्तर आणि त्याचं कारण. या क्षेत्रात दोन घराणी आहेत. एक म्हणतं, सूचना आधीच ठरवा आणि प्रत्येक मुलाला त्याच क्रमानं द्या, म्हणजे तुलना करता येईल. दुसरं, ज्यात पोह्नर आणि लँटॉल्फ येतात, म्हणतं, मुलाशी बोला, ते जिकडे नेईल तिकडे जा. मनानं मी दुसऱ्या घराण्याची. पण जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत, शेजारच्या वर्गावरही एक डोळा ठेवून शिकवणाऱ्या माणसाला पहिल्याचाच आधार घ्यावा लागतो, आणि त्यात कमीपणा नाही.

शिक्षकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: मॅडम, हे तर आम्ही रोज करतोच. खरं आहे, मदत रोज होते. पण बहुतेक वेळा ती थेट पाचव्या पायरीवरून सुरू होते. मूल अडखळलं की दोन सेकंदांत शिक्षक उत्तर सांगून मोकळा. नाहीतर आवाजातून फोडतो: 'ही गो... ज?' आणि अख्खा वर्ग ओरडतो, 'गोज!' यातून कळतं ते एवढंच की वर्गाला शिक्षकाचा चेहरा वाचता येतो. मुलं त्यात पटाईत असतात. 'नीट बघ' म्हटलं की चूक आहे हे त्यांना समजतं, मग ती बरोबर असलेलंही बदलून टाकतात. म्हणून मी शिक्षकांना एक खोडी शिकवते. अधूनमधून बरोबर वाक्याखालीही बोट ठेवायचं आणि 'पुन्हा वाच' म्हणायचं. जे मूल ठामपणे सांगतं, 'नाही, हे असंच राहील', त्याचं शिकणं पक्कं.

वाचनात तर याचा फार उपयोग होतो. इस्रायलमध्येच कोझुलिन आणि गार्ब यांनी इंग्रजी उताऱ्यांवर हे केलं. आधी चाचणी, मग उतारा कसा वाचायचा त्याची चर्चा, मग तशीच दुसरी चाचणी. पहिल्या चाचणीत सारखे गुण असलेले विद्यार्थी दुसऱ्या चाचणीत वेगवेगळ्या ठिकाणी पोचले. आमच्याकडे एक नेहमीचा प्रकार आहे. उताऱ्यात शेतकरी बैल विकतो. प्रश्न असतो, का विकला? मूल 'सेल' शब्द शोधतं आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवतं. शून्य गुण. तोच प्रश्न मराठीत विचारला की लगेच उत्तर येतं: कर्ज होतं म्हणून. म्हणजे उतारा कळला होता, 'व्हाय' काय मागतो ते कळलं नव्हतं. या मुलाला आणखी दहा उतारे सोडवायला देणं हा निव्वळ छळ आहे, त्याला प्रश्नवाचक शब्दांची दोन दिवसांची शिकवणी पुरेल. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-शिरपूरकडच्या पावरा मुलांच्या बाबतीत हा मराठीचा आधारही परका असतो. तिथे शिक्षकाला पावरी येत नसेल तर चौथी पायरीच गायब होते आणि शेजारी बसलेलं मोठं मूल दुभाषा होतं.

आपल्याकडे यासाठी जागा नव्हती असं नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापन आणि वर्णनात्मक नोंदी ही त्याची देणगी. कल्पना उत्तम होती. वर्षभरात बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. 'इंग्रजीत संभाषण करतो', 'सूचना समजून कृती करतो' अशी वाक्यं चाळीस मुलांच्या नावांपुढे फिरवून फिरवून लिहिली गेली. मी शिक्षकाला दोष देत नाही, कारण नोंद कुणी वाचणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

दहावीचंही तसंच. तोंडी परीक्षेचे २० गुण ही आकारिक मूल्यमापनाची हक्काची जागा. ते कसे दिले जातात हे मी इथे लिहायला नको. २०१९ ला भाषांचे हे गुण काढले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३०. गुण काढावेत की ठेवावेत यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली. त्या वीस गुणांत मुलाशी नेमकं काय बोलायचं, यावर मात्र मी एकही चर्चा ऐकली नाही.

'परीक्षेत कोण सांगायला येणार आहे?' हा पालकांचा आणि मुख्याध्यापकांचाही प्रश्न. कुणी येणार नाही. म्हणून तर आकडा पाचवरून शून्याकडे यायला हवा, आणि तो येतोय की नाही हे मांडलेलं असायला हवं. मदत झाल्यावर आठवडाभरानं नवा मजकूर द्यायचा: मामा रिक्षा चालवतो, ताई शिवणकाम करते. मदत न करता. तिथे क्रियापदाला 'एस' दिसला तरच आधीच्या मदतीचं काही झालं असं धरायचं. रोज वर्गातली चार-पाच मुलंच घ्यायची, बाकीच्यांनी ऐकायचं. एकाला दिलेली सूचना दहा जण उचलतात, हे कोणत्याही शिक्षकाला माहीत असतं. आकडे कुठे लिहायचे हा खरा प्रश्न, कारण ठरलेल्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही. पारोळ्याकडच्या एक शिक्षिका मुलाच्या वहीचं शेवटचं पान वापरतात. केंद्रप्रमुखांनी विचारलं तेव्हा त्यांनी तेच पान पुढे केलं.

या सत्रात आम्ही पूर्ण वर्तमानकाळाच्या पायऱ्या तयार करतो आहोत आणि काम अडलं आहे. चालू काळात अहिराणी धावून येते: 'काय करी ऱ्हायना?' म्हटलं की क्रिया सुरू असल्याचं मुलाला वेगळं समजवावं लागत नाही. पण 'मी तो सिनेमा गेल्या वर्षी पाहिला आहे' हे मराठीत बिनचूक आहे, आणि तेच इंग्रजीत शब्दशः नेलं की चूक होते. इथे बोली आणि प्रमाण भाषा दोन्ही मुलाला चुकीकडेच नेतात, म्हणजे चौथ्या पायरीवर काय ठेवायचं? शिक्षण परिषदेत हेच वाक्य मी शिक्षकांसमोर फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'आय हॅव सीन दॅट फिल्म लास्ट इयर', आणि म्हटलं, पुन्हा वाचा. सगळ्यांनी वाचलं. या ओळीत पाहा, म्हटलं. मागून आवाज आला, "मॅडम, ओळ तर बरोबर आहे." मी 'लास्ट इयर'खाली बोट ठेवलं. दोघांच्या लक्षात आलं. बाकीच्यांना चौथी पायरी हवी होती.