लॅक्सफर्डच्या काळ्या रेघा

स्कॉटलंडच्या पार वायव्य टोकाला माणसं कमी, मेंढ्या जास्त आणि झाडं औषधापुरती. खडक मात्र जिकडेतिकडे उघडेवाघडे. लॅक्सफर्ड ब्रिजच्या उत्तरेला रस्त्यासाठी डोंगर कापला आहे, तिथे गाडी बाजूला घेतली आणि पाहतच राहिलो. राखाडी, काळा आणि गुलाबी असे तीन खडक एकमेकांत शिरलेले. बोटभर जाडीच्या गुलाबी शिरा काळ्यात घुसलेल्या आणि काळ्या पट्ट्यांनी राखाडीचे तुकडे पाडलेले.

राखाडी तो नीस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक, जवळजवळ तीनशे कोटी वर्षांचा. काळे ते डाईक. जमीन ताणून तडकली, त्या भेगेत खालून शिलारस चढला आणि तिथेच थिजला. गुलाबी ग्रॅनाइट सगळ्यांत शेवटी, सुमारे 185 कोटी वर्षांपूर्वी आला. जो छेदतो तो धाकटा, छेदला जातो तो थोरला. एवढ्यावर क्रम लागतो. धुळे-नंदुरबारच्या वाचकाला डाईक समजावून सांगायला नको. शेताशिवारांतून लांबवर गेलेले काळ्या दगडाचे कणे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. पण ते दख्खनच्या लाव्हाच्या काळातले, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. इथल्यांपुढे कालची पोरं.

खरी गंमत थोडं दक्षिणेला, स्कौरी गावाजवळ आहे. तिथले डाईक सरळसोट, कडा धारदार, नीसच्या पट्ट्यांना आडवे कापत गेलेले. लॅक्सफर्डकडे यावं तसतसे तेच डाईक ओढले जातात, बारीक होतात आणि नीसच्या पट्ट्यांशी समांतर होऊन बसतात. खडकाचा पोतही बदलतो. त्याला स्वतःचेच पापुद्रे पडतात. जॉन सटन आणि जॅनेट वॉटसन या तरुण भूशास्त्रज्ञ जोडप्याने हे पायी हिंडून टिपलं आणि 1951 मध्ये मांडलं. डाईकने नीसमधल्या ज्या घड्या कापल्या त्या आधीच्या, ज्या घड्यांनी डाईकलाच पिळून काढलं त्या नंतरच्या. एकाच नीसमध्ये दोन वेगळ्या उलथापालथी सापडल्या. पहिलीला स्कौरियन, दुसरीला लॅक्सफर्डियन नाव मिळालं. हातात वय मोजायचं यंत्र नाही, फक्त नकाशा आणि हातोडी! पुढे 1982 मध्ये वॉटसनबाई लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, यात नवल नाही.

डाईकांचं नेमकं वय कळायला मात्र 1989 उजाडलं. या काळ्या खडकात बॅडेलेइट नावाच्या खनिजाचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे स्फटिक असतात. ते घडताना युरेनियमला आत घेतात, शिशाला जवळजवळ थारा देत नाहीत. म्हणजे आज आत जे शिसं सापडतं ते युरेनियम झिजून तयार झालेलं. त्याच्या प्रमाणावरून वय काढता येतं. हीमन आणि टार्नी या भूशास्त्रज्ञांनी मोजलं, तर एक डाईक 241.8 कोटी वर्षांचा निघाला आणि दुसरा 199.2 कोटींचा! ज्यांना एकाच खेपेचे समजत होते त्यांच्यात 42.6 कोटी वर्षांचं अंतर. डायनोसॉर अवतरल्यापासून आजवरच्या काळाच्या पावणेदोन पट. पुढच्या मोजण्यांत बहुतेक डाईक जुन्या खेपेचेच निघाले, म्हणून सटन-वॉटसन यांची मांडणी तगली. पण खुणेचा दगड म्हणून एखाद्या डाईकवर भिस्त ठेवायची, तर आधी त्याचं वय विचारून घ्यावं लागतं.

अशीच कहाणी समुद्रापलीकडे, ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे. कांगामियूत भागातले डाईक दक्षिणेला सरळ, उत्तरेला चुरगळलेले. अटलांटिक तेव्हा नव्हताच. उत्तर स्कॉटलंड त्या काळी ग्रीनलंड-अमेरिकेच्या गोतावळ्यातलं; इंग्लंड त्याला फार उशिरा येऊन चिकटलं. स्कॉटिश स्वातंत्र्यवाद्यांनी हा मुद्दा अजून प्रचारात कसा घेतला नाही, कोण जाणे.

जायचं असेल तर मे महिना गाठा. नंतर उन्हाळाभर मिज नावाची बारीक चिलटं कानाडोळ्यांत शिरतात आणि दगडाकडे धड बघू देत नाहीत. हातोडी मात्र नेऊ नका. कापात सगळं उघडंच पडलेलं आहे.