संमतीचे क्रियापद

कन्नड उतारा, मराठी खरेदीखत आणि इंग्रजी अर्ज एकाच बस्त्यात बांधून न्यायालयात जाणे, हा सीमाभागातील वकिलाचा नित्यक्रम. त्यामुळे कलमांइतकेच क्रियापदांकडेही पाहण्याची सवय आम्हांस जडली आहे. आरोग्यविषयक माहितीची ॲप तृतीयपंथी समाजासमवेत बसून का घडवावीत, या प्रश्नाकडेही आम्ही याच सवयीने पाहतो.

नाव बदलण्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी आलेल्या एका तृतीयपंथी व्यक्तीने मोबाइलमधील एक ॲप आम्हांस दाखवले. मराठी भाषा निवडताच पडद्यावर बटण आले : ‘मी संमती देतो.’ “‘देतो’ म्हणणारी मी नव्हे, आणि ‘देते’ला इथे जागा नाही,” एवढे बोलून तिने ॲप बंद केले. औषधांची, तपासण्यांची, समुपदेशनाची सारी माहिती त्या बटणापलीकडे होती.

‘आय ॲग्री’ या इंग्रजी वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग उमटत नाही. कन्नडमधील ‘नानु ओप्पुत्तेने’ यातही नाही. मराठीत येताना ते नव्याने चिकटले. कोणी म्हणेल, बेळगाव-कोल्हापूरकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. खरे आहे. परंतु बोलीतला ‘येतो’ बोलणारीच्या तोंडचा असतो, पडद्यावरचा ‘देतो’ दुसऱ्याने तिच्या तोंडी घातलेला असतो. ‘देते’ म्हणता यावे यासाठी जिने घरदार सोडले, तिला हा फरक चांगला कळतो.

उपाय मराठीतच आहे. ‘माझी संमती आहे’ किंवा ‘मला मान्य आहे’ यांत लिंगाचा प्रश्न उद्भवत नाही. ‘तू गोळी घेतोस का?’ याऐवजी ‘गोळी घेता का?’ हे अधिक आदराचे आणि निर्वेध. हा लेख ज्या ‘आम्ही’त लिहिला आहे, त्यातूनही लिहिणाऱ्याचे लिंग कळत नाही. हे सारे व्याकरणात आधीपासून आहे. ज्याला अडते तो जवळ बसलेला असेल, तरच ते आठवते.

शब्दांचेही तसेच. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेत कन्नडमध्ये जोगप्पा म्हणतात, मराठीत जोगता. हिजडा समाजाची गुरु-चेल्यांची परंपरा निराळी. एकाचे नाव दुसऱ्यास लावणे कोणासच रुचत नाही. जन्मनोंद स्त्री म्हणून, पण जगणे पुरुष म्हणून, अशांसाठी तर रूढ शब्दच नाही. ‘तृतीयपंथी’ म्हटल्यावर ते कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. अशा पुरुषास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी लागू शकते, आणि पारलिंगी स्त्रीस प्रोस्टेटची. ‘पुरुष, स्त्री, इतर’ एवढाच रकाना भरून घेऊन त्यावरून माहिती गाळणारे ॲप नेमके हेच झाकून ठेवते. म्हणून ओळख एका प्रश्नात विचारावी, शरीराची माहिती दुसऱ्यात, आणि दोन्हींचे कारण तिथेच सांगावे.

कायदा याला अनुकूल आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणास मूलभूत हक्काचे स्थान दिले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीपूर्वीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे, आणि हा पर्याय राज्याच्या सीमेवर थांबत नाही. इंदूर, वडोदरा, हैदराबाद वा बेळगाव येथील मराठी माणसाने तो मागावा. मात्र सूचना मराठीत असून क्रियापद परके असेल, तर संमती कागदापुरतीच उरते.

सोबत बसणे म्हणजे तयार ॲप दाखवून अभिप्राय घेणे नव्हे. हैदराबादेत २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मित्र’ क्लिनिकमध्ये सेवा देणाऱ्यांतच पारलिंगी व्यक्ती होत्या. ॲपच्या बाबतीतही तीच रीत हवी. पहिला प्रश्न लिहिण्यापूर्वी त्यांना बोलवावे, वेळेचा मोबदला द्यावा, शब्द खोडण्याचा अधिकार द्यावा. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजात माहिती असावी. घरात एकच मोबाइल असेल तर काय उघडे पडेल, हेही त्यांनाच विचारावे; कारण एक चुकीची सूचना पडद्यावर झळकली, तर आसरा जाऊ शकतो.

आपल्याला न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करण्याचा सल सीमेवरील मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. आपली भाषा मिळावी म्हणून आपण भांडतो. त्या भाषेत प्रत्येकाला ‘मी’ म्हणता यावे, एवढी व्यवस्था लावणे हे आपलेच काम आहे.