रिकामी टाकी

पेट्रोलने भरलेल्या टाकीची मला भीती वाटत नाही. झोप उडवते ती रिकामी टाकी.

वीसेक वर्षं मी पेट्रोल पंपांच्या परवानग्या काढतोय आणि टाक्या पुरतोय. ‘पुरणं’ हा शब्द नव्या पंपमालकाच्या कानाला खटकतो, पण आमच्याकडे दुसरा नाही. गिऱ्हाईक येतं, मीटरवरचं शून्य बघतं, पैसे देऊन निघून जातं. त्याच आवारात जमिनीखाली दोन-तीन पोलादी टाक्या आडव्या पडल्या आहेत, हे त्याच्या गावीही नसतं.

वीस हजार लिटरची टाकी, आमच्या भाषेत ‘वीस केएल’, म्हणजे दोन मीटर व्यासाचं आणि साडेसहा मीटर लांबीचं पिंप. रिकामं असताना वजन अडीच-तीन टन. हेच पिंप पाण्याने भरलेल्या खड्ड्यात सापडलं, तर ते वीस टन पाणी बाजूला सारतं आणि पाणी त्याला सतरा टनांच्या जोराने वर लोटतं. सुकाणू नसलेली बोटच ती. म्हणून खाली काँक्रीटचा राफ्ट, राफ्टला जखडलेले पोलादी पट्टे, आणि भराव करायच्या आधी टाकीत पाणी भरायचं. एवढं साधं गणित. मी ते एकदा चुकवलं.

पण कुदळ लागायच्या आधी कागद. तेल कंपनीचं एलओआय, म्हणजे इरादापत्र, हातात पडलं की मालक पेढे वाटतो आणि मी सातबारा मागतो. मोजणीची ‘क’ प्रत, बिनशेती, रस्ता ज्या खात्याचा त्या खात्याकडून जोडरस्त्याची परवानगी. मग जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला. अर्ज एकच, पण त्यावर तहसील, पोलीस, बांधकाम, वीज अशा सगळ्यांचे अभिप्राय मागवले जातात. पेट्रोलियम नियम, २००२ म्हणतात की तीन महिन्यांत हो किंवा नाही सांगा. तीन महिन्यांत निघालेला दाखला मी पाहिलाय. एकदा.

त्यानंतर एक्स्प्लोझिव्ह. १८९८ साली सुरू झालेल्या या खात्याचं आजचं नाव पेसो, मुख्यालय नागपूरला; पण आमच्या तोंडचं ‘फाईल एक्स्प्लोझिव्हला आहे’ काही जात नाही. आधी नकाशा मंजूर, मग बांधकाम, मग टाकीच्या चाचणीचा आणि सुरक्षिततेचा दाखला, आणि शेवटी नमुना १४ मधला परवाना. तो हातात येईपर्यंत टाकीत थेंबभर पेट्रोल पडता कामा नये. नकाशावर व्हेंट पाइप, म्हणजे टाकीची वाफ बाहेर सोडणारी नळी, जमिनीपासून चार मीटर उंच दाखवली असेल, तर जागेवरही ती चार मीटरच भरली पाहिजे. तरुणपणी मला ही नुसती कटकट वाटायची. आता नकाशा मी जागा बघूनच काढतो, आणि ड्राफ्ट्समन पोराला आधी जागेवर उन्हात उभं करतो.

त्याला कारण झाली एक विहीर.

मराठवाड्यातलं गाव, रस्त्याकडेची काळी जमीन. नकाशात आवाराभोवतीचं शंभर मीटरपर्यंतचं सगळं दाखवावं लागतं. मी कागदांवरून उतरवलं. सातबाऱ्यावर विहिरीच्या नावाने काही नव्हतं, स्थळपाहणीच्या अहवालातही त्या रकान्यात ‘निरंक’. सरकारी मराठीतला हा फार सोयीचा शब्द. नाही, आणि बघितलं नाही, या दोन्हीला चालतो. खुणा टाकायला गेलो तर शेजारच्या बांधावर एक आजी उभी. डोक्यावर पदर, हातात विळा.

“साहेब, हितं काय करायलाव?”

“पेट्रोलच्या टाक्या बसणारेत, आजी. जमिनीखाली.”

त्यांनी माझ्या खुणेच्या चुन्याकडे बघितलं, मग पाठीमागे एका बाभळीकडे. “मग आमच्या हिरीला वास यील का त्याचा?”

बाभळीआड दगडी बांधणीची जुनी विहीर होती. टेप धरला. अठ्ठावीस मीटर. निरंक!

त्या रात्री मी नकाशा नव्याने काढला. टाक्या विहिरीपासून लांबच्या कोपऱ्यात सरकवल्या, फिल पॉइंट फिरवला, टँकर उभा राहायची जागा बदलली. मालक वैतागला, मंजुरीला पाठवायचा नकाशा पुन्हा पहिल्या पायरीवर आला होता. पण काळ्या मातीखाली मुरूम असतो, मुरुमाखाली भेगाळलेला पाषाण, आणि विहिरीचं पाणी त्या भेगांतूनच येतं. टाकीला सुईएवढं भोक पडलं तर पेट्रोलही तीच वाट धरणार. त्यात काळी माती पोलादाची वैरीण: ओल धरते, उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते आणि गंज चढवते. म्हणून तिला टाकीजवळ येऊच द्यायचं नाही. टाकीला डांबरी लेपाचं रॅपिंग, भोवती सगळीकडून धुतलेली वाळू. लेप कुठे सुटलाय ते बघायला विजेचा ब्रश फिरवतात. जिथे ठिणगी तडकली तिथे लेप फाटलेला. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून आतून हवेचा दाब देतात. बुडबुडा आला की सांधा परत. ही तपासणी मी कोणावर सोपवत नाही. टाकी आपल्याला दिसते ती तीन-चार दिवसच.

खड्ड्याचं काम सुरू झालं ते २०१६ च्या जूनमध्ये. त्याच वर्षी एप्रिलपासून मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी येत होतं. आमच्या गावातही टँकर आला की घागरींची रांग रस्त्यापर्यंत यायची. पोकलेनने खड्डा झाला, तळाला ब्रेकरने दगड फोडला, राफ्ट झाला, पहिली टाकी हायड्रा क्रेनने अलगद उतरवली. आता टाकीत वीस हजार लिटर पाणी भरायचं होतं. कोणाकडे मागायचं? खड्ड्याच्या काठावरून ती रांग दिसत होती. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मृग कोरडा गेलेला, आभाळ निरभ्र. म्हटलं, दोन दिवसांनी लांबून क्षाराचं पाणी आणू, तोवर पट्टेही आवळून होतील. आधी बाजूने वाळू भरून घेऊ.

दुसऱ्या रात्री अडीच वाजता पत्र्यावर पहिला थेंब वाजला. मग बदाबदा. शेतात पडलेलं पाणी काळ्या मातीवरून सरळ खड्ड्यात आलं, आणि खाली दगड असल्याने तिथून ते जाणार कुठे? पाणी उपसायची मोटर होती, वीज गेली होती. उजाडताना टॉर्चच्या प्रकाशात बघितलं तर टाकीचं एक टोक वाळूतून वर आलेलं, मॅनहोलचं तोंड तिरपं, आणि अर्धा आवळलेला पट्टा पोटाला घासून लेप सोलवटलेला. आवाज काहीच झाला नव्हता. आदल्या दिवशी हायड्राचं इंजिन तिला उचलताना किती कण्हत होतं!

बांधावर आजी. रात्रभर पाऊस झाल्याच्या आनंदात त्या आल्या होत्या. टाकीकडे बघून म्हणाल्या, “तरंगली की!” मला हसावं का रडावं कळेना. गाव नाचत होतं आणि पाऊस पडला म्हणून हळहळणारा त्या पंचक्रोशीत मी एकटाच.

पुढचे बारा दिवस उपशाचे. टाकी बाहेर, लेप नवा, चाचणी नवी. खर्च माझ्या खिशातून. मालकाने एकच विचारलं, “पाणी का नाही भरलं?” मी खरं कारण सांगितलं. तो गप्प झाला. पैसे मात्र कापलेच.

रिकामेपणाची दुसरी तऱ्हा जुन्या टाक्यांची. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच पेटते. भरलेल्या टाकीत पेट्रोलवरच्या जागेत ती एवढी दाट असते की ठिणगीलाही सहसा दाद देत नाही. उपसलेल्या, ‘आता काय, रिकामीच आहे’ म्हणून सोडलेल्या टाकीत मात्र हवा शिरते आणि वाफ नेमकी त्या मापात येते. गॅस-फ्रीचा दाखला झाल्याशिवाय मी वेल्डरला जुन्या टाकीच्या सावलीलाही उभा करत नाही. या बाबतीत माझ्यावर हसणारे बरेच आहेत. हसू देत.

२०२० च्या जानेवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी अंतरं ठरवली: शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय, निवासी भाग यांपासून पन्नास मीटर, अगदीच अडचण असेल तर जादा सुरक्षेच्या अटींवर त्याहून कमी, पण तीस मीटरच्या आत कधीच नाही. मला अठ्ठावीसचा आकडा आठवला. विहीर त्या यादीत नाही. माझ्या यादीत आहे.

तो पंप आता चांगला चालतो. पावसाळ्यात त्या बाजूला गेलो की मी मॅनेजरला डिप घ्यायला लावतो. पितळी डिप रॉडच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावून रॉड तळापर्यंत सोडायचा. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून हे जास्त जपावं लागतं. इथेनॉल थोडं पाणी पिऊन टाकतं, पाणी फार झालं की दोघं मिळून तळाशी बसतात. पेस्टचा रंग बदलला नाही की मी बांध ओलांडतो.

आजी थकल्यात. ओसरीवर बसूनच नातवाला हाक मारतात, तो विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन येतो. मी तांब्या तोंडाला लावायच्या आधी नाकाशी नेतो, आणि दरवेळी त्या पदराआड हसतात.

“प्या हो साहेब, आमी रोजच पितोय.”