पकड

‘लेखकाची आशयावर घट्ट पकड आहे’ हे वाक्य आम्ही दोघे दरवर्षी शंभरेक उत्तरपत्रिकांत वाचतो आणि त्याला अर्धा गुण देऊनही टाकतो. ही पकड कशाची, कशावर, आणि ती सुटते तेव्हा आधी काय सुटते, असे कोणी विचारत नाही. आपल्या समीक्षेतले कितीतरी शब्द हातातून आले आहेत : पकड, हातोटी, हाताळणी. पुढे त्यांचा हाताशी संबंध राहिला नाही, इतकेच. गेल्या हिवाळ्यात तो संबंध आम्हांला नव्याने जोडून घ्यावा लागला, तोही एका प्लॅस्टिकच्या नळकांड्यामुळे. मासे पकडायच्या होडीवर गळाचा रॉड उभा धरून ठेवणारे ते नळकांडे. त्याला रॉड होल्डर म्हणतात.

आम्ही राहतो उमेळ्याला. नायगाव स्थानक जवळ, त्यापलीकडे मिठागरे आणि वसईची खाडी. आमच्यापैकी एकाचे वडील, म्हणून दोघांचेही बाबा, नोकरी करूनही आयुष्यभर या खाडीच्या काठाला गरी टाकून बसत आले. जिताडा क्वचित, तांबोशी कधीमधी, शिंगाळा मात्र हटकून. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात कामातून गेला. चालणे सुधारले, बोलणे सुधारले. रॉड धरून रीळ फिरवायला मात्र दोन हात लागतात. डॉक्टरांनी पाण्यावर जायला हरकत घेतली नाही. तेव्हा दोन माणसांची एक जुनी कयाक विकत घेऊन दुसऱ्या हाताची सोय तिच्यावर करायची, असे ठरले.

कयाक हा शब्द आणि ही वस्तू, दोन्ही इनुइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बसवायचे, की होडी तयार. शिकाऱ्याचा भाला वरच्या कातडी पट्ट्यांखाली सरकवून ठेवलेला असे. त्यासाठी होडीला भोक पाडण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या समुद्रालाही हा विचार परका नाही. अरबी समुद्रातली जुनी जहाजे काथ्याने शिवलेली असत. हुर्मुझच्या जहाजांना लोखंडी खिळे नसतात, हे मार्को पोलोने तेराव्या शतकात मोठ्या नापसंतीने नोंदवले आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेले ‘कौंडिण्य’ २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झाले, तेही शिवलेलेच. आमची कयाक मात्र पॉलिएथिलीनची, साच्यात फिरवून ओतलेली, आतून पोकळ. तिच्यावर काही पक्के बसवायचे तर भोक पाडणे आले, आणि होडीला आपल्या हाताने भोक पाडण्यासाठी मनाची जी तयारी लागते, ती कुठल्याही एम.ए.च्या अभ्यासक्रमात नाही.

बाजारात होल्डर मुख्यतः दोन तऱ्हेचे मिळतात. एक, होडीच्या पृष्ठभागात तिरपा उतरवलेला. तो बहुधा बसणाऱ्याच्या पाठीमागे असतो. दुसरा, पायावर उभा, हवा तसा वळवता येणारा. पहिला दिसायला सुबक आणि मजबूतही. पण बाबा म्हणाले, “हात नाही लागला तरी चालेल, पण काठीचं टोक मला दिसलं पाहिजे.” मासा लागतो तो आधी डोळ्यांना, टोकाच्या थरथरीतून. पहिला पर्याय तिथेच बाद झाला.

नेहमीच्या माणसाला होल्डर केवळ वाट पाहण्यासाठी लागतो. मासा लागला की तो रॉड उचलून हातात घेतो. बाबांचा रॉड होल्डरमध्येच राहणार, आणि डाव्या हाताने ते रीळ फिरवणार. म्हणजे माशाची सगळी ओढ होल्डरवर. काठावर बसवला तर तीच ओढ होडीला एका अंगावर कलंडवणार, आणि कलंडली तर एका हाताचा माणूस स्वतःला कसा सावरणार? म्हणून जागा ठरली ती मध्यरेषेवर, पुढच्या आसनासमोर, दोन गुडघ्यांच्या मध्ये. सुदैवाने तिथून वीतभर अंतरावर सामान ठेवायचे झाकण आहे. त्यातून हात आत जातो.

हात आत जाणे किती महत्त्वाचे, ते पाचूबंदरच्या एका वृद्ध सुताराने आम्हांला समजावले. होड्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आहे. आमच्या हातातले स्क्रू पाहून ते म्हणाले, “फळीत काय धरतंय? धरायचं ते फळीच्या पल्याड.” आमच्या होडीची ‘फळी’ म्हणजे चार-पाच मिलिमीटर मऊ प्लॅस्टिक. स्क्रूचे आटे त्यात आज धरतात, आणि उन्हात तापल्यावर, ओढ बसल्यावर सोडून देतात. आतून हात पोचत नाही तिथे फुलणारे रिव्हेट वापरतात; हलक्या कामाला ते पुरतात. आमचे काम हलके नव्हते. ढोबळ हिशेब असा : होल्डरबाहेर रॉडची लांबी पावणेदोन मीटर, पायाची रुंदी सात सेंटीमीटर, म्हणजे पंचवीसपट तरफ. टोकाला दीड किलोची ओढ बसली, तर मागच्या दोन बोल्टांवर मिळून सदतीस-अडतीस किलोंचा उपसा.

म्हणून ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे चार बोल्ट आरपार घेतले. ही जात खाऱ्या पाण्यात अधिक टिकते. आतून स्वयंपाकघरातल्या जुन्या प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डाची तळहाताएवढी पट्टी, तिच्यावर रुंद वॉशर, आणि धक्क्यांनी सैल होऊ नयेत असे नायलॉनच्या कड्याचे नट. ओढ चार भोकांच्या कडांवर न येता सगळ्या पट्टीवर पसरते. सिलिकोन पॉलिएथिलीनला नीट चिकटत नाही. सबब पायाखाली ब्युटाइल रबराची पट्टी घातली. बोल्ट एकदम आवळले नाहीत. हे प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसते. चार दिवसांनी नट पुन्हा पाव-पाव फेरा फिरले.

उरला प्रश्न तुटण्याचा. न तुटणारी जोडणी हा भ्रमच. आधी काय तुटावे, हे आपण ठरवायचे. दोरा दहा पौंडी घेतला, म्हणजे साडेचार किलोंचा. रिळाचा ड्रॅग दीड किलोला सुटेल असा काट्याने मोजून लावला. मोठा मासा आला तर दोरा सरकेल. सरकून संपला तर तुटेल. होल्डर त्यानंतर, आणि होडीचे अंग कधीच नाही. रॉडला एक दोरी बांधली, ती आसनाच्या कडीला. होडीला किंवा बाबांना मात्र रॉडचे काहीही बांधलेले राहणार नाही, हे कटाक्षाने पाहिले : तो पाण्यात गेलाच, तर त्याच्यामागे माणूस ओढला जाता कामा नये. म्हणून कडीकडचे टोक एका झटक्यात सुटणाऱ्या सरकगाठीचे, बाबांच्या डाव्या हाताशी.

पहिली परीक्षा पाण्याबाहेर : रॉडऐवजी तेवढाच बांबू खोचून काट्याने तीन किलोंपर्यंत ओढला. दुसरी, पश्चिम पट्ट्यात अजून न बुजवलेल्या एका बावखलात. इथल्या वाड्यांना पाणी पुरवणारी ही तळी, आणि बाबा पोहायला शिकले तेही अशाच एका बावखलात. जीवरक्षक जॅकेट घालायला ते तिथे जरा लाजले. तासाभराने झाकण उघडून आत हात फिरवला. कोरडे.

खाडीत उतरलो ते अष्टमीच्या भांगाला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात इथले पाणी चार मीटरांच्या आसपास चढते-उतरते, आणि त्या ओढीत आमच्यासारख्यांचे काम नाही. एक जण मागे वल्हे घेऊन, एक जण काठावर, कोळ्यांच्या जाळ्यांपासून लांब. दीडेक तासाने टोक थरथरले. बाबांनी डावा हात रिळावर ठेवला आणि आम्हांला सांगितले, “कोणी मध्ये येऊ नका.”

शिंगाळाच होता, वीतभर. त्याच्या काट्यांना विष असते, म्हणून गरी आम्ही पकडीने काढली (ही पकड लोखंडाची). घरी आल्यावर होल्डर गोड्या पाण्याने धुतला, आत हात घालून नट चाचपले. डावीकडचा मागचा किंचित फिरला. त्यावर बाबांचे म्हणणे असे, की पुढच्या भांगाच्या आधी तो बदलून टाका, आणि कोळंबी जिवंत मिळते का पाहा.